पोरांना खेळ शिकवताना 'च्यायला' चालतं का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी कबड्डी शिकवतो, संध्याकाळी, शाळेच्या वयाच्या पोरांना. हे प्रश्न तिन्ही बाजूंनी येतात. नवीन कोच विचारतात, जाळीपलीकडे उभे असलेले पालक विचारतात आणि कधीकधी पोरंच विचारतात की सर, तुम्हाला चालतं मग आम्हाला का नाही. उदाहरणं जास्त करून कबड्डीचीच आहेत, पण क्रिकेट, फुटबॉल, खो-खो सगळीकडे प्रकार तोच.

एका वाक्यात सांगा, चालतं की नाही?

नाही. पाय मुरगळला, कोचच्या तोंडातून "आयला" निसटलं, तर त्यावरून कुणी मीटिंग बोलवू नये. पण शिकवायची पद्धत म्हणून, रोजच्या रोज, पोरांकडे बघून, तर सौम्य शिवीसुद्धा नको. लहान गटात तर अजिबातच नको.

'सौम्य' म्हणजे नेमकं काय? आमच्याकडे तर ते रोजचं बोलणं आहे.

खरंय, आणि सगळी भांडणं इथंच सुरू होतात. च्यायला, आयला, साल्या, च्यामारी, झक मारली, हे बऱ्याच घरांत आजोबासुद्धा बोलतात. कोकणात "आयचा घो" ऐकून कुणी मान वर करून बघत नाही. मुंबईत पोरं दर वाक्यात भेंडी घालतात आणि भाजीबद्दल बोलतोय असा चेहरा करतात. कोल्हापूरकडच्या तालमीत वस्ताद पठ्ठ्याला प्रेमानं ज्या नावानं हाक मारतो ते नाव पुण्यातल्या सोसायटीच्या ग्राउंडवर घेतलं तर संध्याकाळपर्यंत पालकांच्या ग्रुपवर ऐंशी मेसेज पडतील. म्हणजे शब्दांची यादी करून काही होत नाही, कारण एकाच टीममध्ये चार गावची पोरं असतात आणि प्रत्येकाच्या घरची यादी वेगळी.

मी एवढंच बघतो की शब्द कुणाच्या दिशेनं गेला. हवेत गेला, स्वतःवर गेला, फुटलेल्या मॅटवर गेला, तर ठीक आहे, सोडून द्या. पोरावर गेला, त्याच्या आईबापावर गेला, समोरच्या टीमवर किंवा रेफरीवर गेला, तर तो सौम्य राहिलाच नाही, मग शब्द कुठलाही असो. "च्यायला, काय पकड केलीस!" आणि "च्यायला, काय दळभद्री खेळतोस" यात शब्द तोच आहे ना? पहिल्याला पोरगं घरी जाऊन आईला सांगतं, दुसऱ्याला उद्या येऊ की नको याचा विचार करतं. तरीसुद्धा पहिलाही मी लहान पोरांसमोर टाळा म्हणतो, कारण बारा वर्षाच्या पोराला हा फरक कळतो पण पाळता येत नाही, ते फक्त शब्द उचलतं.

शिवी घातल्याशिवाय पोरं ऐकतच नाहीत, काय करायचं?

हा सगळ्यात जास्त येणारा प्रश्न, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

किशोर गटातला एक रेडर, म्हणजे चढाईला जाणारा, डोळ्यासमोर आणा. बोनसला, म्हणजे जादा गुणासाठी, जातो, पुढचा पाय बोनस रेषेच्या पलीकडे बरोबर टाकतो, पण मागचा पाय जमिनीलाच चिकटलेला, त्यामुळे गुण मिळत नाही आणि वर उजव्या कोपऱ्यातला पोरगा येऊन घोटा धरतो. दोनदा झालं, तिसऱ्यांदा झालं. आता कोच बाहेरून ओरडतो, "अरे गाढवा, काय झक मारतोयस का तिथं!" पोरगं उठतं, धूळ झटकतं, खाली मान घालून बाहेर जातं. त्याला काय कळलं? सर चिडलेत एवढंच. पाय कुठं चुकला ते कळलंच नाही, म्हणून चौथ्यांदाही तेच होणार आणि कोच म्हणणार बघा, शिव्या देऊनसुद्धा सुधारत नाही. "मागचा पाय उचल." तीन शब्द आहेत. शिवीपेक्षा कमी वेळ लागतो.

रेड तीस सेकंदांची असते. श्वास धरलेला, कबड्डी कबड्डी तोंडात, समोर सहा-सात जण हात पसरून, अशा वेळी बाहेरचे दोन-तीन शब्द डोक्यात शिरले तरी खूप. ते दोन-तीन शब्द तुम्ही शिवीवर घालवले तर सूचनेला जागाच उरत नाही. शिवीत माहिती नसते हो. पोरं ऐकत नाहीत असं जे वाटतं ना, त्यात निम्म्या वेळा आपण सांगितलेलंच नसतं.

राहिला प्रश्न लक्ष वेधायचा. शिट्टी आहे की. नावानं हाक आहे. आणि सगळ्यात भारी म्हणजे गप्प बसणं, सराव थांबवायचा, हाताची घडी घालून मध्यरेषेवर उभं राहायचं आणि काही बोलायचं नाही. अर्ध्या मिनिटात सगळं मैदान शांत होतं, पोरंच एकमेकांना "ए गप्प ए गप्प" करायला लागतात.

पण शिवीनं जोर येतो, यावर रिसर्च झालाय म्हणे?

झालाय, आणि तो अर्धवट सांगितला जातो. इंग्लंडमध्ये कील विद्यापीठातल्या रिचर्ड स्टीफन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2009 मध्ये प्रयोग छापला, लोकांना बर्फासारख्या थंड पाण्यात हात बुडवायला लावला, शिवी देत राहणाऱ्यांनी हात जास्त वेळ आत ठेवला. पुढे 2018 मध्ये हाताच्या पकडीचा जोरही शिवी देताना थोडा वाढतो असं त्यांना दिसलं. फॉरवर्ड एवढाच येतो.

आता नीट बघा, जोर कुणाला आला? शिवी देणाऱ्याला. ज्याला शिवी दिली त्याला काही मिळालं असं त्या प्रयोगांत कुठं आहे? म्हणजे मैदानाबाहेर प्लास्टिकच्या खुर्चीत बसून शिव्या घालणाऱ्या कोचची पकड मजबूत होत असेल कदाचित, पण रेडला तो जात नाहीये.

उलट दुसरं एक काम आहे ते कुणी फॉरवर्ड करत नाही. अमेरिकेत वॉशिंग्टन विद्यापीठातले रोनाल्ड स्मिथ आणि फ्रँक स्मॉल यांनी लहान पोरांच्या बेसबॉल कोचना ट्रेनिंग दिलं, की चूक झाली की आधी धीर द्या, मग नेमकं काय करायचं ते सांगा, आणि शिक्षा-टोमणे कमी करा. 1992 मध्ये जो अभ्यास छापला त्यात ट्रेनिंग न घेतलेल्या कोचकडची 26 टक्के पोरं पुढच्या सीझनला परत आलीच नाहीत, ट्रेनिंगवाल्यांकडे हा आकडा 5 टक्के होता. हा अभ्यास शिव्यांवर नव्हता, सगळ्या वागण्यावर होता, हे मान्य. पण पोरं टिकवायची असतील तर कशाकडे बघायचं ते त्यातून दिसतं.

आमच्या वेळी सर शिव्या द्यायचे, मारायचेही. आम्ही बिघडलो का?

नसाल बिघडला. पण जे बिघडले किंवा सोडून गेले ते आज इथं प्रश्न विचारायला आलेले नाहीत ना.

आणि कडक असणं वेगळं. रमाकांत आचरेकर सरांचं नाव या वादात हमखास निघतं. सरांनी फटका लावल्याची गोष्ट सचिननं स्वतः अनेकदा सांगितलीय, सरावाचा सामना सोडून तो वानखेडेवर शाळेच्या दुसऱ्या टीमची मॅच बघायला गेला म्हणून. लोकांना तो फटका लक्षात राहतो. मला मात्र 2013 च्या निरोपाच्या भाषणातलं दुसरं एक वाक्य जास्त महत्त्वाचं वाटतं, की 29 वर्षांत सर मला एकदाही 'छान खेळलास' म्हणाले नाहीत, मी हवेत जाईन म्हणून. बघा किती कडक. स्टम्पवर रुपयाचं नाणं ठेवायचे, जो गोलंदाज आउट करेल त्याचं नाणं, आणि दिवसभर आउट नाही झाला तर ते सचिनचं. हा दबावच आहे, आणि भरपूर आहे, पण यात कुठं शिवी लागत नाही. कडकपणा हवा असेल तर तो सरावाच्या रचनेत घाला. फटक्याची नक्कल मात्र करू नका, ते दिवस गेले आणि गेले ते बरंच झालं.

मी एकही शिवी देत नाही, फक्त "बायल्या", "बांगड्या भर" असं बोलतो. ते तर चालतं ना?

हे च्यायलापेक्षा वाईट. आणि दुर्दैवानं याची तक्रार कुणी करत नाही, कारण शब्द 'स्वच्छ' आहेत.

मैदानावर ऐकलेली यादी देतो, बायल्या, फट्टू, म्हशी, हत्ती, मठ्ठ, काळ्या, "तुझ्या बापाला सांग ट्यूशनला घाल, खेळ तुझं काम नाही". यातलं एकही टीव्हीवर बीप होणार नाही. पण साल्या म्हटलं तर पोरगं दोन मिनिटांत विसरतं आणि हत्ती म्हटलं तर टीममधली सगळी पोरं तेच नाव पुढं चालवतात, बसमध्ये, वर्गात, पार दहावीपर्यंत. कोचनं एकदाच म्हटलेलं असतं. आणि जाडं पोरगं कबड्डीत किती कामाचं असतं हे कबड्डीवाल्याला मी काय सांगू, कोपऱ्यात नीट बसवलं तर रेडर घाबरतो.

जातीवरून काही बोलणं, आडनावावरून, वस्तीवरून, "तुमच्यात असंच असतं" वगैरे, त्यावर चर्चासुद्धा नको. असा माणूस मैदानावरच नको. आणि अनुसूचित जाती-जमातीच्या पोराला चारचौघांत जातीवरून शिवीगाळ केली तर 1989 चा अत्याचार प्रतिबंधक कायदा आहे.

कायद्यानं शिवी देणं गुन्हा आहे का?

मी वकील नाही, ढोबळ सांगतो. शाळेत असाल तर 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याचं कलम 17 आहे, पोराला शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हीला बंदी, आणि पीटीचे सरही त्यात आले. शाळेबाहेरच्या क्लबला 2015 चा बाल न्याय कायदा आहे, त्याच्या कलम 75 मध्ये ज्याच्या ताब्यात मूल आहे त्यानं त्याला विनाकारण शारीरिक किंवा मानसिक त्रास होईल असं वागवलं तर तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. लैंगिक हेतूनं बोललेले शब्द पॉक्सोमध्ये येतात, 2012 चा कायदा, तिथं गंमत होती वगैरे कारणं देत बसू नका. एका च्यायलासाठी कुणी तुरुंगात जाणार नाही हे उघड आहे, पण महिनोन् महिने एकाच पोराला लावून धरलं तर तो छळ होतो. पोराला बोलायचं असेल तर 1098 हा चाइल्डलाइनचा नंबर ग्राउंडच्या बोर्डावर लिहून ठेवा, कोचचा नंबर असतो त्याच्या खालीच.

खेळाच्या नियमांत काय आहे?

क्रिकेटच्या कायद्यात 2017 पासून 42 वा कायदा खेळाडूंच्या वागणुकीचा आहे. घाणेरडी किंवा अपमानकारक भाषा ही त्यात पहिल्या पातळीची चूक, पहिल्यांदा ताकीद आणि टीममधल्या कुणीही परत केलं तर समोरच्यांना पाच धावा. आंतरराष्ट्रीय मॅचमध्ये स्टम्प माइकला शिवी ऐकू गेली तर मॅच फी कापली जाऊ शकते आणि डीमेरिट पॉइंट पडतात. फुटबॉलमध्ये अपमानकारक भाषेला थेट लाल कार्ड, आणि 2019 पासून बाकावरच्या कोचलाही कार्ड दाखवता येतं. कबड्डीत हिरवं, पिवळं, लाल. पिवळं म्हणजे दोन मिनिटं बाहेर, आणि शेवटच्या पाच मिनिटांत एक माणूस कमी घेऊन खेळणं म्हणजे काय हे ज्यानं सोसलंय त्याला विचारा.

म्हणजे मोठेपणी ज्या सवयीमुळे टीमला भुर्दंड बसणार ती सवय आपण सरावात लावतोय. तोंड काय मॅचपुरतं बदलता येत नाही.

पोरंच एकमेकांना शिव्या देतात, तेव्हा?

देणारच. बारा-तेराव्या वर्षी नवीन शब्द सापडलेला असतो, तो वापरून बघायचा असतो. दहा पुशअप, पाच राउंड अशी शिक्षा मी देत नाही, कारण मग पळणं हीच शिक्षा वाटायला लागते आणि फिटनेसच्या दिवशी अर्धी टीम पोट धरून बसते. पाच मिनिटं बाहेर बसायचं. बस्स. खेळायला आलेल्या पोराला बाहेर बसून दुसऱ्याला रेड मारताना बघणं यापेक्षा मोठी शिक्षा नाही. नियम सगळ्यांना सारखा, कॅप्टनलाही, आणि कोचच्या तोंडून निघालं तर कोचनंही पाच मिनिटं बाकावर बसायचं, शिट्टी कॅप्टनकडे. पोरांना हा भाग भयंकर आवडतो, ती टपूनच बसलेली असतात.

सीनियर पोरांवर मात्र जास्त लक्ष ठेवा. सरावाला येऊन लहानांना शिकवणारे कॉलेजवाले दादा असतात ना, निम्मे शब्द तिथून उतरतात.

सतरा-अठरा वर्षांच्या पोरांबरोबर तरी?

थोडं सैल, हे मान्य करतो. कॉलेजच्या पोरांत हाफटाइमला कोच "अरे च्यायला, एवढं हरायला आलो का आपण" म्हणाला तर मी त्याला काही बोलणार नाही, "आपण" म्हणालाय, स्वतःला धरून म्हणालाय. पण एकट्या पोराला उभं करून नाही. आणि त्याच ग्राउंडवर बाजूला दहा वर्षांच्या पोरांची बॅच चालू असेल तर तेही नाही, कारण लहान पोरांना मोठ्यांचंच ऐकायचं असतं.

मुलींच्या टीमला वेगळा नियम?

वेगळा कशाला? बऱ्याच कोचना मुलींसमोर आपोआप जीभ आवरता येते, पोरांसमोर आवरत नाही. म्हणजे आवरता येते, मुद्दा मिटला. मुलींच्या बाबतीत जास्त सांभाळायचं ते शरीराबद्दलचे, कपड्यांबद्दलचे, पाळीबद्दलचे शेरे. "मॅडम नसताना" वगैरे तर नाहीच नाही.

मी पालक आहे. कोच शिव्या देतात, मुलगा म्हणतो काही बोलू नका, टीममधून काढतील.

मुलाची भीती खोटी नसते, तिला हसू नका. सगळ्यांसमोर, मॅच चालू असताना, जाळीतून ओरडून बोलू नका. ग्रुपवर तर बिलकूल टाकू नका, तिथं दोन तट पडतात आणि तुमच्या पोराचं नाव मध्ये अडकतं. सराव संपल्यावर कोचला एकटं गाठा आणि नेमका शब्द सांगा. "तुम्ही फार वाईट बोलता" असं म्हटलं की समोरचा लगेच स्वतःची बाजू घेतो. "मंगळवारी तुम्ही त्याला मठ्ठ म्हणालात, तो दोन दिवस तेच बोलतोय" म्हटलं की बोलायला काही उरत नाही. बहुतेक कोच इथंच वरमतात, खरं सांगतो, कुणाला आपण असे आहोत असं वाटत नसतं. नाही ऐकलं तर क्लबच्या सेक्रेटरीला किंवा मुख्याध्यापकांना लेखी द्या, दोन-तीन पालक मिळून.

आणि एक, तुम्ही स्वतः काय बोलता ते बघा. रविवारच्या मॅचला कोचपेक्षा बाबालोक जास्त शिव्या देतात. एक गृहस्थ रेफरीला "आंधळ्या" म्हणून ओरडत होते आणि त्यांचा मुलगा मॅटवर मान वळवून बघत होता, तेवढ्यात समोरच्यानं मांडी धरली.

माझी जीभच तशी आहे, सुटत नाही. काय करू?

सुटते. मोबाइल खिशात ठेवून एका सरावाचं फक्त आपलं बोलणं रेकॉर्ड करा आणि घरी एकटे असताना ऐका. आपण शिकवतो किती आणि नुसतं ओरडतो किती, ते तिथं कळतं, शिव्यांचा विषय तर दूरच राहतो. मग ज्या चुकांवर तुमची जीभ सुटते त्या चार-पाच चुका काढा, त्या प्रत्येक चुकीसाठी एक छोटा शब्द आधीच ठरवून ठेवा आणि पोरांनाही सांगून ठेवा. आमच्याकडे "पाय", "साखळी", "घाई", "परत" एवढ्यावर काम चालतं. राग आला की तोंडाला काहीतरी लागतंच, ते हे असू दे. "परत!" जरा जोरात म्हटलं की शिवीइतकंच समाधान मिळतं, करून बघा.

आम्ही अमेरिकेत महाराष्ट्र मंडळाच्या पोरांना वीकेंडला क्रिकेट शिकवतो, तिथं काय?

तिथं अजून जपून. सेफस्पोर्ट नावाची व्यवस्था 2017 पासून आहे, ऑलिंपिक खेळांच्या संघटनांशी जोडलेल्या कोचना तिचे नियम लागू होतात, आणि वारंवार शब्दांनी केलेला अपमान हा त्यात गैरवर्तनच धरला जातो. तुमचा ग्रुप त्यात येतो की नाही ते बघून घ्या. आणि मराठीत दिली म्हणून कळणार नाही या भ्रमात राहू नका. तिथल्या पोरांना मराठीत 'पाणी आण' सांगितलेलं कळत नाही, पण शिव्या बरोबर कळतात.

कोच शिव्या देतो पण शिकवतो एक नंबर. पोराला काढू का?

पोराला विचारा, पण "काढू का" असं नको, ते नाहीच म्हणणार. आज काय शिकलास ते विचारा. "आज डॅश कसा मारायचा, म्हणजे धक्का देऊन रेडरला बाहेर कसं काढायचं, ते दाखवलं" असं हातवारे करून सांगत असेल तर कोचशी बोलत राहा, सुधारेल. आणि सर आज कुणावर भडकले तेवढंच सांगत असेल तर दुसरं ग्राउंड शोधायला लागा.

पोरगं घरी येऊन तोच शब्द आजीसमोर बोललं, आता?

आजीला हसू आलं नाही ना आधी ते बघा. मग पोराला बाजूला घेऊन शांतपणे सांगा की हा शब्द घरात नाही, ग्राउंडवर पण नाही, आणि उद्या सरांना मी भेटतोय.